जुन्या स्वयंपाकघरातील उपकरणांचे रंग : ओळख, नामकरण आणि नोंद
(अमेरिकेतील १९२० ते १९८० या कालखंडाच्या विशेष संदर्भात)

सारांश : अमेरिकेतील स्वयंपाकघरांत विसाव्या शतकात वापरले गेलेले रेफ्रिजरेटर, शेगड्या, मिक्सर इत्यादी उपकरणांचे रंग हे भौतिक संस्कृतीच्या अभ्यासाचे उपयुक्त साधन आहे. मात्र या रंगांची नावे व्यापारी, संग्राहक व सामान्य ग्राहक वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात, आणि काळाच्या ओघात मूळ रंगही बदलतो. प्रस्तुत लेखात या रंगांचा इतिहास, नामकरणाचे प्रकार, ओळख पटविण्यातील अडचणी आणि शास्त्रशुद्ध नोंदीची पद्धत यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : रंगनाम, पोर्सिलेन इनॅमल, मन्सेल पद्धती, समाभासी रंग, भौतिक संस्कृती.

प्रस्तावना

एखाद्या जुन्या वस्तूची नोंद करताना तिची लांबी, रुंदी, वजन, निर्मितीचे साहित्य आणि निर्मात्याचे नाव या बाबी काळजीपूर्वक लिहिल्या जातात. रंगाची नोंद मात्र बहुधा 'हिरवा', 'पिवळा' किंवा 'तपकिरी' अशा एका शब्दात उरकली जाते. अमेरिकेतील १९५५ च्या सुमाराचा फिकट हिरवा रेफ्रिजरेटर आणि १९७२ च्या सुमाराचा गडद, पिवळसर झाक असलेला हिरवा रेफ्रिजरेटर या दोन्ही वस्तू अशा नोंदीत केवळ 'हिरव्या' ठरतात. प्रत्यक्षात या दोन हिरव्यांमध्ये घराची रचना, जाहिरातीची भाषा, गृहिणीविषयीची समाजाची कल्पना आणि रंगद्रव्यांचे तंत्र या सर्वच बाबतींत मोठे अंतर आहे. एका शब्दाच्या आळसामुळे हे अंतर नोंदीतून पुसले जाते आणि पुढील अभ्यासकाला ते परत मिळविता येत नाही. वस्तू कालांतराने नष्ट होते. नोंद तेवढी उरते. म्हणूनच रंगाच्या नावाचा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला तरी तो पुराव्याचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. अमेरिकेतील स्वयंपाकघरातील उपकरणांच्या रंगांचा कालक्रम थोडक्यात मांडणे.
२. रंगांच्या व्यापारी नावांचे स्वरूप व हेतू स्पष्ट करणे.
३. जुन्या उपकरणाचा मूळ रंग ओळखण्यातील अडचणींची कारणमीमांसा करणे.
४. रंगाच्या नोंदीसाठी व्यवहार्य पद्धत सुचविणे.

पांढऱ्या रंगाचे राज्य

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील स्वयंपाकघरात पांढऱ्या रंगाला जे स्थान मिळाले, त्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा आरोग्यदृष्टी अधिक होती. रोगजंतूंविषयीचे ज्ञान सामान्य जनतेपर्यंत पोहोचू लागले होते. पांढऱ्या पृष्ठभागावर घाण चटकन दिसते, म्हणून तो स्वच्छतेची खूण मानला गेला. रुग्णालय, दुग्धालय आणि स्वयंपाकघर या तिन्ही ठिकाणी एकच पांढरेपणा आला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९२७ मध्ये बाजारात आणलेला 'मॉनिटर टॉप' हा माथ्यावर गोल यंत्रपेटी असलेला रेफ्रिजरेटर याच पांढऱ्या परंपरेतील होता.

तथापि त्याच वर्षी वारे बदलू लागल्याचेही दिसते. न्यूयॉर्कमधील मेसीज या मोठ्या दुकानाने १९२७ मध्ये स्वयंपाकघरातील रंगांचा खास पुरस्कार करणारी विक्री मोहीम हाती घेतली. कोहलर कंपनीने त्याच वर्षी स्नानगृहातील साधनांसाठी सहा रंग आणले. शेगड्या व कपाटे फिकट हिरव्या आणि हस्तिदंती रंगांत मिळू लागली. याच सुमारास जनरल मोटर्स या मोटार कंपनीने 'आर्ट अँड कलर' नावाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. फ्रिजिडेअर ही रेफ्रिजरेटर बनविणारी संस्था १९१९ ते १९७९ या काळात जनरल मोटर्सच्याच मालकीची होती, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. दरवर्षी नवे रूप आणि नवा रंग देऊन जुन्या वस्तूला 'जुनी' ठरविण्याची जी रीत मोटारींच्या व्यवसायात रुजली, तिचा प्रवेश पुढे स्वयंपाकघरातही झाला.

रंग वाढले तशी अडचणही वाढली. एका दुकानातून घेतलेला हिरवा डबा दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या हिरव्या पातेल्याशी जुळेना. या गोंधळावर उपाय म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक कार्यालयाने १९३८ च्या सुमारास स्वयंपाकघरातील साहित्यासाठी क्रमांक ६२ आणि स्नानगृहातील साहित्यासाठी क्रमांक ६३ अशी दोन व्यापारी मानके प्रसिद्ध केली. रंगाचे नाव आणि रंगाचा प्रत्यक्ष नमुना यांची गाठ बांधून देण्याचा हा सरकारी प्रयत्न होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून घरगुती रेफ्रिजरेटरचे उत्पादन थांबले आणि हा सारा विषय काही वर्षे मागे पडला.

युद्धोत्तर रंगपट

युद्धानंतरच्या रंगांचे दोन स्पष्ट कालखंड पडतात. पहिला कालखंड १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सुरू होतो. त्यात फिकट, दुधाळ रंगांचे प्राबल्य आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या या काळातील मालिकेत 'पेटल पिंक', 'कॅनरी यलो', 'कॅडेट ब्लू', 'टर्क्वॉइज ग्रीन' आणि 'वुडटोन ब्राउन' असे पाच रंग होते. फ्रिजिडेअरने 'शेरवूड ग्रीन', 'स्ट्रॅटफर्ड यलो' व 'मेफेअर पिंक' ही नावे वापरली. किचनएडचे उभे मिक्सर १९५५ पासून पांढऱ्याखेरीज 'पेटल पिंक', 'सनी यलो', 'आयलंड ग्रीन' यांसारख्या रंगांत मिळू लागले. २४ जुलै १९५९ रोजी मॉस्को येथील अमेरिकन प्रदर्शनात निक्सन व ख्रुश्चेव्ह यांच्यात ज्या नमुना स्वयंपाकघरापुढे प्रसिद्ध वाद झाला, ते जनरल इलेक्ट्रिकचे स्वयंपाकघर लिंबासारख्या पिवळ्या रंगाचे होते, असे वर्णन आढळते. त्या प्रसंगाची सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रे मात्र कृष्णधवल आहेत. ती पाहणाऱ्याला त्या स्वयंपाकघराचा रंग केवळ शब्दांतून कळतो. रंगनाम हाच कधीकधी रंगाचा एकमेव पुरावा उरतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

दुसरा कालखंड १९६० च्या दशकात सुरू होऊन १९८० च्या आसपास ओसरतो. त्यात मातकट व गडद रंग पुढे आले. तांब्याच्या झाकेचा तपकिरी 'कॉपरटोन' प्रथम रूढ झाला. त्यानंतर पिवळसर गडद हिरवा 'अ‍ॅव्होकॅडो' आणि पिकलेल्या धान्याच्या वर्णाचा 'हार्वेस्ट गोल्ड' या दोन रंगांनी १९७० च्या दशकातील स्वयंपाकघर जणू व्यापून टाकले. 'पॉपी रेड' व 'कॉफी' हेही त्याच कुटुंबातील रंग. याच दशकाच्या उत्तरार्धात 'आल्मंड' हा फिकट, पिवळसर पांढरा रंग आला आणि गडद रंगांचा ग्राहक हळूहळू त्याच्याकडे वळला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या 'कलर मार्केटिंग ग्रुप' या संस्थेमुळे निरनिराळ्या उद्योगांतील रंगतज्ज्ञ पुढील काळातील रंगांचा एकत्र विचार करू लागले होते. गालिचा, भिंतीचा कागद आणि रेफ्रिजरेटर यांचे रंग एकाच सुमारास बदलताना दिसतात, ते निव्वळ योगायोगाने नव्हे.

नावांचे तीन प्रकार

या व्यापारी नावांचे स्वरूप पाहता त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिल्या प्रकारात रंगवाचक शब्द स्पष्ट असतो व त्याला एखादे विशेषण जोडलेले असते. 'कॅनरी यलो' किंवा 'टर्क्वॉइज ग्रीन' ही अशी नावे होत. येथे ऐकणाऱ्याला निदान रंगाचे कुळ तरी कळते.

दुसऱ्या प्रकारात एखाद्या पदार्थाचे वा निसर्गातील वस्तूचे नाव येते. अ‍ॅव्होकॅडो, आल्मंड, कॉफी ही उदाहरणे आहेत. येथे अर्थबोध ऐकणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असतो, आणि गैरसमजाची शक्यताही इथेच अधिक असते. मराठीत 'बदामी' म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बदामाच्या सालीकडे झुकणारा फिकट तपकिरी रंग येतो. अमेरिकन 'आल्मंड' मात्र सोललेल्या बदामाच्या गराचा रंग आहे. वस्तू एकच, पण एका भाषेने तिची साल पाहिली आणि दुसरीने तिचा गर. 'आल्मंड' रंगाच्या रेफ्रिजरेटरची मराठीत 'बदामी' अशी नोंद केली तर शब्दशः भाषांतर अचूक ठरेल आणि रंग मात्र चुकेल. आपल्याकडील आमसुली, मोरपंखी, डाळिंबी, अबोली, शेवाळी या नावांनाही हाच न्याय लागू आहे. ती रंगाचे माप सांगत नाहीत. ती एका परिसराच्या सामायिक स्मृतीला हाक मारतात.

तिसऱ्या प्रकारात नावाचा विशेषण भाग दृश्य रंगाशी संबंधितच नसतो. फ्रिजिडेअरच्या नावांतील शेरवूड, स्ट्रॅटफर्ड आणि मेफेअर ही इंग्लंडमधील स्थळनामे आहेत. शेरवूडच्या अरण्याचा हिरव्याशी काही संबंध जोडता येईल. पण मेफेअर ही लंडनमधील श्रीमंतांची वस्ती आहे, तिचा गुलाबीशी काहीही संबंध नाही. हे नाव रंगाचे वर्णन करण्यासाठी ठेवलेले नसून ग्राहकाच्या प्रतिष्ठेच्या ओढीला उद्देशून ठेवलेले आहे.

याखेरीज संग्राहकांनी नंतर दिलेल्या नावांचा एक स्वतंत्र थर असतो. कॉर्निंग कंपनीच्या पायरेक्स भांड्यांवरील 'स्प्रिंग ब्लॉसम ग्रीन' ही १९७२ मधील नक्षी संग्राहकांत 'क्रेझी डेझी' या नावाने अधिक परिचित आहे. मूळ नावात 'हिरवा' हा शब्द आहे, टोपणनावात तो गळून पडला आहे. टोपणनाव चुकीचे असते असे नाही. परंतु ते निर्मात्याचे नाव म्हणून नोंदविले गेल्यास पुढील अभ्यासकाला कंपनीच्या जुन्या सूचीपत्रात ते सापडणार नाही.

कंपनीने दिलेले नावही डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी जुळेलच असे नाही. होमर लाफलिन कंपनीने १९३६ मध्ये आणलेल्या 'फिएस्टा' भांड्यांतील 'रेड' हा रंग पाहणाऱ्याला उघडपणे नारिंगी दिसतो. तो युरेनियमच्या संयुगामुळे मिळत असे. युद्धकाळात युरेनियमवर नियंत्रण आल्याने १९४३ मध्ये तो बंद झाला, १९५९ मध्ये परतला आणि १९७२ मध्ये पुन्हा थांबला. येथे 'नारिंगी' अशी नोंद करणारा डोळ्यांशी प्रामाणिक राहतो, 'रेड' अशी नोंद करणारा कागदपत्रांशी. दोन्ही नोंदी आवश्यक आहेत, पण त्या वेगळ्या रकान्यांत हव्यात.

एकच नाव दोन कंपन्यांनी वापरल्याचेही दिसते. 'पेटल पिंक' हे नाव जनरल इलेक्ट्रिक आणि किचनएड या दोहोंच्या सूचीत आहे. म्हणून कंपनीचे नाव वगळून केवळ 'पेटल पिंक' असे लिहिणे अपुरे ठरते.

रंग का बदलतो ?

जुन्या उपकरणाचा रंग ओळखताना आपण पाहतो तो आजचा रंग असतो. तो मूळ रंगापासून किती दूर गेला आहे हे पृष्ठभागाच्या साहित्यावर अवलंबून असते.

शेगड्या व ओव्हन यांना उष्णता सोसावी लागते, म्हणून त्यांवर पोर्सिलेन इनॅमल असते. काचेची बारीक पूड पोलादी पत्र्यावर पसरून सुमारे ८०० अंश सेल्सियस तापमानाला भाजली की हा मुलामा तयार होतो. यातील रंग धातूंच्या संयुगांमुळे मिळतो. कोबाल्टमुळे निळा, क्रोमियममुळे हिरवा, लोहामुळे तपकिरी, तर कॅडमियमच्या संयुगांमुळे पिवळा व लाल रंग येतो. हा रंग काचेतच बद्ध असल्याने तो सहसा विटत नाही. मुलाम्याला तडे जातात, टवके उडतात, आम्लयुक्त पदार्थांनी चकाकी जाते. पण शाबूत भागातील रंग बहुतांशी विश्वसनीय असतो.

रेफ्रिजरेटरच्या बाहेरील आवरणावर मात्र १९३० च्या दशकापासून भट्टीत वाळविलेला रेझिनयुक्त रंगलेप अधिक वापरला गेला. तेलापासून बनलेल्या आल्किड रेझिनला काळानुसार पिवळेपणा येतो. विशेष म्हणजे हा पिवळेपणा अंधारात राहिलेल्या भागावरही येतो. म्हणून 'झाकलेला भाग म्हणजे मूळ रंग' हा नियम येथे डोळे झाकून वापरता येत नाही. पांढरा रेफ्रिजरेटर पिवळटून हस्तिदंती वा 'आल्मंड' भासू लागतो आणि नोंद चुकते. फिकट निळा पिवळटला की हिरवट दिसतो, आणि पाहणारा त्याला फिरोजी समजतो.

मुठी, कडा व कळा यांसाठी वापरलेल्या प्लॅस्टिकचे वर्तन आणखी वेगळे असते. एबीएस प्लॅस्टिकमधील रबरी घटकाचे ऑक्सिडीकरण होऊन ते पिवळे पडते. परिणामी एकाच उपकरणाचा दरवाजा, मूठ आणि खालची पट्टी एके काळी एकाच रंगाची असूनही आज तीन रंगांची दिसते. त्यावर फोडणीच्या वाफा, तेलाचा थर आणि तंबाखूचा धूर यांचे पुट चढलेले असते, ते वेगळेच.

याहून सूक्ष्म अडचण समाभासी रंगांची आहे. काचेचा मुलामा आणि रेझिनचा लेप यांतील रंगद्रव्ये भिन्न असतात. ते दोन पृष्ठभाग एका प्रकाशात तंतोतंत जुळतात व दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसतात. एकाच कंपनीची एकाच नावाची शेगडी आणि रेफ्रिजरेटर खिडकीच्या उजेडात जुळलेले दिसावेत आणि रात्री विजेच्या दिव्याखाली परके वाटावेत, याचे कारण हेच. साध्या तप्त तारेच्या दिव्याचा प्रकाश पिवळा-तांबूस असल्याने त्यात 'अ‍ॅव्होकॅडो' अधिक तपकिरी दिसतो.

१९६० व १९७० च्या दशकांतील अनेक उपकरणांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. 'कॉपरटोन', 'अ‍ॅव्होकॅडो' आणि 'हार्वेस्ट गोल्ड' या रंगांत दरवाजाच्या कडा मुद्दाम गडद करून मधला भाग उजळ ठेवण्याची रीत होती. अशा दरवाजाची कड मोजली तर एक रंग मिळतो आणि मध्य मोजला तर दुसरा. कडेचा गडदपणा हा मळ समजून घासून काढण्याचा प्रयत्न करणे म्हणजे वस्तूचेच नुकसान करणे होय.

छायाचित्रे व जाहिराती यांची मर्यादा

वस्तू हाती नसेल तेव्हा अभ्यासक छायाचित्रांकडे वळतो. परंतु १९७० च्या दशकातील रंगीत छायाचित्रांच्या कागदावरील निळसर रंगद्रव्य अंधारात ठेवलेल्या संग्रहातही क्षीण होत जाते आणि संपूर्ण चित्र तांबूस होते. अशा चित्रातील 'अ‍ॅव्होकॅडो' तपकिरी दिसतो व 'कॉपरटोन' म्हणून नोंदविला जाण्याचा संभव असतो. यावर साधा उपाय असा की, त्याच चित्रात पांढरी असणारच अशी एखादी वस्तू शोधावी. दुधाची बाटली, कागद किंवा बशी तांबूस दिसत असेल, तर रेफ्रिजरेटरच्या रंगातूनही तेवढी तांबूस झाक मनाने वजा करावी. मासिकांतील जाहिराती चार शाईंच्या ठिपक्यांनी छापलेल्या असतात व त्यांचा कागद पिवळलेला असतो. त्या रंगाच्या नावासाठी व वर्षासाठी उत्तम पुरावा आहेत; रंगाच्या मापासाठी नाहीत.

रंगावरून काळ ठरविताना तर्काची एक मर्यादा पाळणे अगत्याचे आहे. छायाचित्रात 'हार्वेस्ट गोल्ड' रंगाचा रेफ्रिजरेटर असेल तर ते १९५५ मधील नाही, एवढे निश्चित म्हणता येते. मात्र ते १९७५ मधीलच आहे असे म्हणता येत नाही, कारण रेफ्रिजरेटर पंधरा-वीस वर्षे सहज टिकतो. रंगामुळे काळाची अलीकडची नव्हे, तर पलीकडची सीमा कळते. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांनी गावी पाठविलेल्या छायाचित्रांच्या पाठीवर तारीख नसेल, तर पार्श्वभूमीतील शेगडीचा रंग हा एक दुवा ठरू शकतो. पण तो वरील मर्यादेतच वापरावा.

नावापासून मापापर्यंत

रंगाच्या नावातील ही संदिग्धता दूर करण्याचे प्रयत्न शंभर वर्षांहून जुने आहेत. अमेरिकन चित्रकार व अध्यापक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये रंगाच्या तीन स्वतंत्र मिती मांडल्या : रंगाचे कुळ, त्याचा उजळपणा आणि त्याची घनता. या पद्धतीचा मोठा लाभ असा की, दैनंदिन भाषेत दूरचे वाटणारे रंग प्रत्यक्षात किती जवळचे आहेत हे तीत दिसून येते. तपकिरी हे स्वतंत्र कुळ नसून तो गडद नारिंगी आहे. शेवाळी छटा ही बव्हंशी गडद पिवळ्याचीच पुढची पायरी आहे. हे लक्षात घेतले म्हणजे 'कॉपरटोन', 'हार्वेस्ट गोल्ड' आणि 'अ‍ॅव्होकॅडो' यांची आपापसांत गल्लत का होते ते उमगते. हे तिन्ही रंग नारिंगी, पिवळा व हिरवट पिवळा या सलग पट्ट्यातील, मध्यम किंवा कमी उजळपणाचे आहेत. थोडा पिवळेपणा चढला किंवा दिवा बदलला की एक दुसऱ्याच्या घरात शिरतो.

मन्सेलच्या मोजमापाला सामान्य भाषेची जोड देण्याचे कार्य इंटर-सोसायटी कलर कौन्सिल व राष्ट्रीय मानक कार्यालय यांनी केले. केनेथ केली व डीन जड यांच्या १९५५ मधील रंगनामकोशात संपूर्ण रंगविश्वाची २६७ विभागांत वाटणी केली असून सुमारे ७,५०० रंगनामांना त्या विभागांत स्थान दिले आहे. 'फिकट', 'मध्यम', 'गडद', 'करडा' यांसारखी ठरावीक विशेषणे आणि मोजकी रंगकुळे यांच्या संयोगातून प्रत्येक विभागाचे नाव तयार होते. हे नाव काव्यमय नसते. पण दोन अनोळखी अभ्यासकांना एकाच रंगापर्यंत नेण्यास पुरेसे असते. उपकरणांद्वारे मोजमाप करावयाचे झाल्यास १९७६ ची सीआयई लॅब पद्धती वापरली जाते. तीत रंग तीन अंकांनी दर्शविला जातो आणि दोन रंगांतील अंतर 'डेल्टा-ई' या एका संख्येत सांगता येते.

नोंदीची सुचविलेली पद्धत

वरील विवेचनाच्या आधारे संग्रहालय, महाविद्यालयीन संग्रह किंवा वैयक्तिक अभ्यास यांसाठी पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

१. प्रथम निर्मात्याची धातूची पट्टी शोधावी. ती दरवाजाच्या आतील कडेवर, खालच्या झडपेमागे किंवा पाठीमागे असते. तिच्यावरील मॉडेल क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्यावा. अनेक कंपन्यांत क्रमांकाचे अंत्य अक्षर वा अंक रंग दर्शवितो. ही चिन्हे कंपनीगणिक व काळानुसार बदलतात. म्हणून एका कंपनीची किल्ली दुसरीला लावू नये.
२. पृष्ठभागाचे साहित्य ठरवावे. मुलामा, रंगलेप व प्लॅस्टिक यांची नोंद स्वतंत्रपणे करावी.
३. सौम्य साबणाचे पाणी व मऊ कापड यांनी छोटासा भाग स्वच्छ करावा. खरखरीत पूड वापरू नये.
४. धातूची पट्टी, मूठ वा रबरी कडेखालील झाकलेला भाग आणि उघडा भाग यांची तुलना करावी. भांडी धुण्याच्या यंत्रांच्या दर्शनी पत्र्याला अनेकदा दोन्ही बाजूंनी वेगवेगळे रंग दिलेले असत व ग्राहक हवी ती बाजू पुढे लावी. असा पत्रा उलटून पाहिल्यास न विटलेला दुसरा रंग सापडू शकतो. मात्र पुढची बाजू मुळापासून पुढेच होती असे गृहीत धरू नये.
५. नंतर रंगविल्याच्या खुणा पाहाव्यात. स्क्रूच्या खाचेत, बिजागरीजवळ किंवा नामपट्टीच्या कडेला लेप चढला असल्यास उपकरण पुन्हा रंगविलेले असण्याची शक्यता असते.
६. थेट ऊन टाळून दिवसाच्या उजेडात मन्सेल नमुन्यांशी तुलना करावी आणि प्रकाशाचा प्रकार लिहावा. कडा गडद असतील तर मध्य व कड अशी दोन मापे द्यावीत.
७. शेवटी चार रकान्यांत नोंद करावी : निरीक्षित रंगाचे माप, त्याचे सर्वसामान्य वर्णनात्मक नाव, निर्मात्याचे नाव कंपनी व वर्षासह, आणि संग्राहकांतील रूढ नाव. निर्मात्याच्या नावाला कोणता पुरावा आहे — पट्टी, सूचीपत्र की केवळ अंदाज — हेही लिहावे.

या पद्धतीतील शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. अंदाजाने लिहिलेले नाव आणि पुराव्याने सिद्ध झालेले नाव कागदावर सारखेच दिसते. एकदा ते यादीत गेले की पुढची यादी पहिलीचा आधार घेते आणि चूक प्रस्थापित होते.

रंगामागील समाज

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मधील 'मोअर वर्क फॉर मदर' या ग्रंथात घरगुती यंत्रांमुळे गृहिणीचे श्रम अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत, उलट घरकामाविषयीच्या अपेक्षा वाढल्या, असे प्रतिपादन केले आहे. रंगांचा इतिहास या प्रतिपादनाला एक पूरक बाजू देतो. थंडावा देण्याच्या कामात गुलाबी व पांढऱ्या रेफ्रिजरेटरमध्ये काहीच फरक नव्हता. तरीही घरातील शेगडी, रेफ्रिजरेटर, पडदे व डबे यांचे रंग जुळविणे हे गृहिणीच्या कौशल्याचे व घराच्या प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. चालते यंत्र केवळ रंग जुना झाला म्हणून ओशाळवाणे वाटू लागले. हा परिणाम घडविण्याचे काम ज्या साधनाने केले, ते साधन म्हणजे रंगाचे नाव. म्हणून नावाची अचूक नोंद ठेवणे म्हणजे त्या मन वळविण्याच्या प्रक्रियेचा पुरावा जतन करणे होय.

भारताशी या विषयाचा एक प्रत्यक्ष दुवाही आहे. गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने भारतात रेफ्रिजरेटरचे उत्पादन सुरू केले. आपल्याकडील जुन्या रेफ्रिजरेटरच्या रंगांची पद्धतशीर नोंद करावयाची झाल्यास वर सुचविलेला क्रम येथेही लागू पडेल. त्यासाठी मराठी रंगनामांना मन्सेलसारख्या मापाची जोड देणे आवश्यक आहे. भाषाविज्ञान, गृहविज्ञान, रसायनशास्त्र व इतिहास या विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगे हे काम आहे.

निष्कर्ष

१. अमेरिकेतील स्वयंपाकघरातील उपकरणांच्या रंगांत पांढरा, फिकट दुधाळ, गडद मातकट आणि पुन्हा फिकट असा क्रम दिसतो. तो तंत्रज्ञान, आरोग्यकल्पना व विक्रीनीती या तिन्हींशी निगडित आहे.
२. व्यापारी रंगनाम हे रंगाचे वर्णन नसून बहुधा ग्राहकाला केलेले आवाहन असते. त्यामुळे ते मापाची जागा घेऊ शकत नाही, आणि मापही नावाची जागा घेऊ शकत नाही.
३. मूळ रंग ओळखताना पृष्ठभागाचे साहित्य प्रथम ठरविणे आवश्यक आहे. मुलाम्याची साक्ष रंगलेपापेक्षा अधिक विश्वसनीय असते.
४. रंगावरून काळाची केवळ एक सीमा निश्चित होते.
५. निरीक्षण, वर्णन, निर्मात्याचे नाव व रूढ नाव हे चार घटक वेगळे ठेवून आणि पुराव्याचा उल्लेख करून केलेली नोंदच पुढील अभ्यासकाच्या उपयोगी पडेल.

कोहलर कंपनीने आपल्या १५० व्या वर्धापनाच्या निमित्ताने २०२३ मध्ये लोकांच्या मतांवरून 'स्प्रिंग ग्रीन' व 'पीचब्लो' हे जुने रंग पुन्हा बाजारात आणले. 'स्प्रिंग ग्रीन' हा १९२७ च्या पहिल्या सहा रंगांपैकी एक होय. आता एकाच नावाची जवळजवळ शंभर वर्षांच्या अंतराने बनलेली दोन साधने अस्तित्वात असतील. पन्नास वर्षांनी त्यांतील कोणते कोणत्या काळातील हे सांगण्याची वेळ येईल, तेव्हा केवळ नाव पुरणार नाही. आज व्यवस्थित केलेली नोंद तेव्हा कामी येईल.